गोधनाचा गोचीडज्वर : निदान आणि उपचार

(मठाच्या वर्धापनोत्सवातील व्याख्यानाची संहिता)



घरात शिजलेल्या अन्नातील पहिला घास गाईसाठी काढून ठेवण्याची चाल पेडणे आणि डिचोली या दोन्ही तालुक्यांतील पुष्कळ घरांतून अद्याप टिकून आहे. तो घास गाईने खाल्ला की नुसता हुंगून टाकला, हे क्षणभर उभे राहून पाहण्याची चाल मात्र तितकीशी राहिलेली नाही. आणि आजच्या विषयाचा प्रारंभ नेमका तेथूनच होतो. गोचिडीच्या दंशातून गाईच्या रक्तात शिरणाऱ्या रोगाची पहिली खूण प्रयोगशाळेत दिसत नाही, ती गव्हाणीत दिसते. सकाळी नीट रवंथ करीत असलेली गाय संध्याकाळी गव्हाणीकडे पाठ करून उभी राहते, दूध एकाएकी निम्म्यावर येते, कानाचे मूळ हाताला कढत लागते. त्या संध्याकाळी थर्मामीटर लावला गेला तर गाय बहुधा वाचते. तिसऱ्या दिवशी लघवी काळ्या कॉफीच्या रंगाची झाल्यावर धावाधाव सुरू झाली, तर ती वाचेलच असे पशुवैद्यही सांगू शकत नाही.

ही हानी लहान नसते. शासनाच्या कामधेनू योजनेखाली अनुदान आणि बँकेचे कर्ज घेऊन या भागातील अनेक कुटुंबांनी संकरित गाई विकत घेतल्या. त्यांतील पुष्कळ गाई घाटापलीकडून आलेल्या असतात. गाय मेली तरी कर्जाचा हप्ता मरत नाही, आणि ज्या घरी एकच दुभती गाय असते त्या घरातील रोजचा पैसा त्याच दिवशी थांबतो. जी गाय दूरवरून मोठ्या किमतीने आणावी, तीच या तापाला सर्वांत आधी बळी पडावी आणि परसात जन्मलेली लहानखुरी देशी गाय तिच्या शेजारी स्वस्थ चरत राहावी, हे पाहून मालकाला दैवाचा विपरीत खेळ वाटतो. त्यात दैवाचा भाग थोडा आहे. बराचसा भाग कार्यकारणाचा आहे व तो समजून घेण्याजोगा आहे.

ज्याला सामान्यतः गोचीडताप म्हटले जाते तो एक रोग नसून रोगांचे एक कुटुंबच आहे. त्यातील पहिला बबेसिया नावाच्या आदिजीवाचा. रुमेनियातील शास्त्रज्ञ व्हिक्टर बाबेश यांनी १८८८ साली हा जीव गुरांच्या रक्तात प्रथम पाहिला, म्हणून त्याला त्यांचे नाव मिळाले. हा तांबड्या रक्तपेशीत शिरतो, तेथे दुणावतो आणि पेशी फोडून बाहेर पडतो. फुटलेल्या पेशींतील रंगद्रव्य मूत्रपिंडातून उतरते, त्यामुळे लघवी लाल किंवा काळसर होते. दुसरा जीव थायलेरिया. दक्षिण आफ्रिकेत काम केलेले स्वित्झर्लंडचे पशुवैद्य आर्नॉल्ड थायलर यांच्यावरून त्याचे नाव पडले. तो आधी पांढऱ्या पेशींत व लसिकाग्रंथींत ठाण मांडतो आणि मग तांबड्या पेशींकडे वळतो. म्हणून त्याच्या रोगात खांद्यापुढील व जांघेपुढील गाठी सुजतात, डोळ्यांतून पाणी येते, कधी खोकला लागतो, पण लघवी सहसा लाल होत नाही. तिसरा ॲनाप्लाझ्मा. हा आदिजीव नव्हे, जिवाणूंच्या जातीचा आहे. परंतु तोही तांबड्या पेशीतच राहतो, गोचिडीकडूनच येतो आणि रक्तक्षय व कावीळ घडवितो, म्हणून गोठ्यात त्याची गणना या दोघांबरोबर होते. या तिघांची औषधे वेगवेगळी आहेत. निदान अचूक असावे असा आग्रह धरावयाचा तो एवढ्याचसाठी. नुसत्या पांडित्यासाठी नव्हे.

या रोगाचा इतिहास थोडा विस्ताराने सांगण्यासारखा आहे, कारण मनुष्याच्या हिवतापाचे कोडे सुटण्यापूर्वी गुरांच्या या तापाचे कोडे सुटले होते. अमेरिकेत टेक्सास प्रांतातील गुरांचे कळप उत्तरेकडील बाजारांना हाकीत नेले जात. ही दक्षिणी गुरे स्वतः धडधाकट दिसत; पण ज्या वाटेने ती जात त्या वाटेवरच्या कुरणात चरलेली उत्तरेकडील गुरे काही आठवड्यांनी लाल लघवी होऊन पटापट मरत. गवळ्यांचा संशय गोचिडीवर होता. विद्वानांनी तो हसण्यावारी नेला. एवढासा किडा एवढे मोठे जनावर कसे मारील, असा त्यांचा प्रश्न. अखेर १८८९ सालच्या उन्हाळ्यापासून थिओबाल्ड स्मिथ आणि एफ. एल. किलबोर्न यांनी साध्या कुंपणांचा एक प्रयोग मांडला. एका कुंपणात गोचिडी असलेली दक्षिणी गुरे उत्तरेकडील गुरांबरोबर ठेवली, तेथे ताप आला. दुसऱ्या कुंपणात दक्षिणी गुरांच्या अंगावरची प्रत्येक गोचीड हाताने वेचून मग ती ठेवली, तेथे ताप आला नाही. तिसऱ्यात दक्षिणी गुरे मुळीच नव्हती, नुसत्या गोचिडी गवतावर सोडल्या होत्या. तेथे ताप आला. १८९३ साली त्यांनी हे काम प्रसिद्ध केले. डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेस दिसला तो १८९७ सालच्या ऑगस्टमध्ये, म्हणजे त्यानंतर चार वर्षांनी. एका प्राण्याचा रोग दुसऱ्या क्षुद्र जीवाच्या दंशातून पसरतो, हे वैद्यकाला निर्विवादपणे पटले त्यात गवळ्यांच्या जुन्या संशयाचा वाटा मोठा आहे. गोठ्यातील आजीबाई जे सांगतात ते शहाण्या माणसाने आधी ऐकून घ्यावे, एवढे तरी या हकीकतीवरून म्हणावयास हरकत नाही.

आपल्या देशातही पशुरोगांचे शास्त्रीय संशोधन सुरू झाले ते त्याच सुमारास, आणि तेही महाराष्ट्राच्या भूमीवर : १८८९ साली पुण्यात शाही जिवाणुशास्त्रीय प्रयोगशाळा स्थापन झाली व १८९३ साली ती हिमालयातील मुक्तेश्वर येथे नेण्यात आली. आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था ती हीच.

स्मिथ यांच्या प्रयोगातून आणखी एक गोष्ट पुढे आली, ती ऐकणाऱ्यास आजही चकित करते. गुरांच्या अंगावर नेहमी दिसणारी राखाडी रंगाची गोचीड आपले सारे बालपण व तारुण्य एकाच जनावरावर, सुमारे तीन आठवड्यांत, पुरे करते. रक्ताने टच्च फुगलेली मादी खाली गळून पडते आणि गवताच्या बुडाशी किंवा भिंतीच्या भेगेत दोन ते तीन हजार अंडी घालून मरते. मग एका गाईवरून दुसरीवर न जाणारी ही गोचीड रोग नेते तरी कसा? उत्तर असे की, बबेसियाचा जीव मादीच्या रक्तातून तिच्या अंड्यांत उतरतो. आईने चोखलेल्या रक्तातील रोग मुले जन्मतःच घेऊन येतात आणि जी गाय त्यांना पहिली भेटेल तिला देतात. थायलेरियाचे तसे नाही. त्याला वाहणारी गोचीड आयुष्यात एकाहून अधिक जनावरांवर चढते. एका अवस्थेत रोग घेते व पुढच्या अवस्थेत देते, परंतु अंड्यांतून तो उतरत नाही. त्यातील एक जात तर कुरणापेक्षा गोठ्याच्या भिंतीतच अधिक सुखाने नांदते. म्हणून चरावयास न जाणाऱ्या, जागेवर बांधून घातलेल्या गाईलाही गोचीडताप कसा झाला, हा प्रश्न पडण्याचे कारण नाही.

आता देशी गाय का वाचते, ते पाहू. बबेसियाच्या बाबतीत निसर्गाने नेहमीचा नियम उलटा केला आहे : लहान वासराला हा रोग सौम्य होतो, थोराला मारक होतो. साधारण नऊ महिन्यांच्या आत ज्या वासराला दूषित गोचीड चावते ते दोन दिवस किंचित मलूल होते, पुष्कळदा तेही कोणाच्या ध्यानात येत नाही, आणि पुढे दीर्घ काळ त्याच्या रक्तात रोगाचा अंश व त्याबरोबर रोगाविरुद्धची शक्ती दोन्ही नांदतात. सड्यावर, बांधावर, कुळागराच्या कडेला आईमागे हिंडलेले वासरू अशा रीतीने आपली लस आपणच टोचून घेत असते. शिवाय देशी गाईची कातडी, तिची चाटण्याची व अंग थरथरविण्याची सवय यांमुळे तिच्यावर गोचिडी टिकतातही कमी. गोव्याच्या ‘श्वेत कपिला’ या गाईला काही वर्षांपूर्वी स्वतंत्र देशी जात म्हणून राष्ट्रीय मान्यता मिळाली. तिच्या दुधाचे माप लहान असले तरी हा गुण हिशेबात धरला पाहिजे. याउलट स्वच्छ, फवारलेल्या, सिमेंटच्या गोठ्यात वाढलेली जर्सी किंवा होल्स्टिन रक्ताची गाय थोर वयात प्रथमच येथील गोचिडींना भेटते. टेक्सासची गुरे उत्तरेकडे गेली व रोग बरोबर घेऊन गेली. येथे रोग जागच्या जागी असतो आणि त्याला अपरिचित असे जनावर ट्रकात घालून त्याच्याकडे आणले जाते. दिशा उलटी, परिणाम तोच.

याच दृष्टीने पेडणे व डिचोलीत चराऊ जमीन आटत चालल्याचा विचार व्हावयास हवा. डिचोलीच्या डोंगरउतारांवर खनिजाच्या खाणी झाल्या, मोप्याच्या सड्यावर २०२३ सालच्या जानेवारीपासून विमाने उतरू लागली. वासरे दाव्यालाच वाढू लागली की लहानपणीची ती सौम्य गाठभेट चुकते, आणि तीन वर्षांनी तीच देशी गाय संकरित गाईइतकीच कोवळी ठरू शकते. एकही गोचीड दिसता कामा नये असा जो हट्ट काही हौशी मालक धरतात, तो वासरांच्या बाबतीत म्हणूनच शहाणपणाचा नव्हे. गोचिडीचा बुजबुजाट नको, हे तर खरेच. वासराचे रक्त शोषून त्याला खंगविणाऱ्या झुंडी मारल्याच पाहिजेत. पण मोजक्या गोचिडी आणि मोकळे चरणे हे वासराच्या हिताचे आहे.

निदानाकडे वळू. घरच्या माणसाने करावयाचे काम तीन गोष्टींत संपते, परंतु त्या तीन गोष्टी दुसरा कोणी करू शकत नाही. निरोगी गाईचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइटच्या आसपास असते; या रोगात ते १०४ च्या वर, बबेसियात १०६-१०७ पर्यंतही जाते. साधा थर्मामीटर गुदद्वारात दोन मिनिटे धरावयाचा, इतकेच. ज्या घरी पंचांग आहे त्या घरी थर्मामीटरही असावा. दुसरे, डोळ्याची खालची पापणी उलटून पाहावी : गुलाबी आहे, फिकी पडली आहे की पिवळी. तिसरे, लघवी. ती लाल दिसली तर पांढऱ्या काचेच्या बाटलीत धरून अर्धा तास न हलविता ठेवावी. तळाशी तांबडा गाळ बसून वरचे पाणी निवळले, तर ते खरे रक्त आहे. मूत्रमार्गात जखम, खडा किंवा दुसरा विकार असण्याचा संभव अधिक. सारी बाटली वरपासून खालपर्यंत एकसारखीच रंगीत राहिली, तर रक्तपेशी शरीरात फुटत आहेत असे समजावे.

तेवढ्यावरून मात्र बबेसिया ठरत नाही. व्यायल्यानंतर पहिल्या काही आठवड्यांत भरपूर दूध देणाऱ्या गाईला किंवा म्हशीला शरीरातील फॉस्फरस कमी पडल्यानेही अशीच एकसारखी काळसर लघवी होते. तिला ताप नसतो. तिला गोचीडतापाचे इंजेक्शन देऊन काहीही साधत नाही. फॉस्फरसयुक्त क्षार शिरेतून दिले तर ती सुधारते. लेप्टोस्पायरा नावाच्या जंतूनेही लघवी लाल होते, आणि भातशेतीच्या, तुंबलेल्या पाण्याच्या या प्रदेशात त्याचा विसर पडू देणे बरे नव्हे, कारण तो माणसालाही होतो. तेव्हा अशी लघवी उघड्या हातांनी हाताळू नये.

यापुढचे काम काचपट्टीचे. गाईच्या कानाच्या टोकाजवळचे केस काढून, स्पिरिटने पुसून, शिरेला बारीक टोचावे. पहिला थेंब स्वच्छ काचपट्टीवर घेऊन दुसऱ्या पट्टीच्या कडेने तो एका दमात पातळ पसरावा. थर इतका पातळ हवा की त्यातून छापील अक्षर वाचता यावे. पावसाळ्यात आपल्याकडील ओलसर हवेत पट्टी लवकर वाळत नाही आणि तेवढ्यात पेशी विरघळून जातात, म्हणून ती हाताने हलवीत, सौम्य उबेजवळ वाळवावी. माशा त्यावर बसू देऊ नयेत, त्या क्षणार्धात रक्त चाटून नेतात. लसिकागाठ सुजली असेल तर पशुवैद्य सुईने तिच्यातील द्रव काढून त्याचीही पट्टी करतो. मग गिम्साच्या रंगात ती रंगवून सहस्रपट मोठे दाखविणाऱ्या भिंगाखाली पाहिली जाते. तांबड्या पेशीत नासपतीच्या आकाराचे दोन जीव टोकाला टोक लावून जुळ्यासारखे दिसले, तर तो बबेसिया. लहान अंगठीसारखे किंवा स्वल्पविरामासारखे आकार, आणि गाठीच्या द्रवात पांढऱ्या पेशींच्या आत जांभळ्या ठिपक्यांचे पुंजके, म्हणजे रॉबर्ट कॉख यांच्या नावाने ओळखले जाणारे निळे पिंड, दिसले तर तो थायलेरिया. पेशीच्या अगदी कडेला एक गडद टिंब असेल तर ॲनाप्लाझ्मा. परंतु रंगाची पडलेली कणीही तशीच दिसते, आणि येथे अनुभवी डोळा लागतो.

पट्टी आधी आणि सुई मागाहून, हा क्रम या साऱ्या व्याख्यानात सर्वांत महत्त्वाचा. प्रत्यक्षात तो नेहमी उलटा होतो. गाय तापली की जवळचा कोणी जाणता इसम पिशवीत असेल ते इंजेक्शन देतो; दुसऱ्या दिवशी उतार न पडल्यास दुसरे देतो; आणि चौथ्या दिवशी रक्त तपासावयास जाते तेव्हा औषधाने जंतू रक्तातून दिसेनासे झालेले असतात, रोग मात्र गेलेला नसतो. पट्टीवर काही सापडत नाही, म्हणून ‘हा गोचीडताप नव्हेच’ असा निष्कर्ष निघतो. पट्टी करावयास पाच मिनिटे लागतात. ती करून मग पशुवैद्याने लक्षणांवरून लगेच औषध दिले तरी चालेल. निकाल संध्याकाळी येवो की उद्या, पुरावा हाती राहिला म्हणजे झाले.

पट्टीचा अर्थ लावतानाही तारतम्य हवे. काही दिवस उलटलेल्या रोगात जंतू इतके थोडे असतात की भिंगाला सापडत नाहीत. अशा वेळी जंतूचे आनुवंशिक द्रव्य शोधणारी पीसीआर चाचणी उपयोगी पडते. आणि याच्या उलट, पूर्वी रोग होऊन बऱ्या झालेल्या गाईच्या रक्तात चार-दोन अंगठ्या वर्षानुवर्षे दिसत राहतात. तिला आज आलेला ताप न्युमोनियाचा किंवा कासेच्या सुजेचाही असू शकतो. पट्टीवर जीव दिसला एवढ्याने तो गुन्हेगार ठरत नाही. ताप, गाठी, हिमोग्लोबिन व डोळ्याचा रंग यांची साक्ष त्याच्याशी जुळावी लागते.

उपचाराची कथा पूर्वी मोठी करुण होती. १९०९ साली केंब्रिज येथे नटॉल व हॅडवेन यांनी ट्रिपॅन ब्लू नावाचा रंग शिरेतून दिल्यास बबेसिया हटतो असे दाखविले. गुरे वाचू लागली, पण त्यांचे मांसही निळे पडे. पुढे विसाव्या शतकाच्या मध्यावर जर्मनीतून डायमिनाझीन आले, आणि आजही बबेसियावर तेच पहिले औषध होय. गाईच्या दर किलो वजनास ३.५ मिलिग्रॅम, खोल स्नायूत. म्हणजे तीनशे किलोच्या गाईस सुमारे एक ग्रॅम. वेळेवर दिल्यास बहुधा एका दिवसात ताप उतरतो. इमिडोकार्ब हे त्याच कामाचे दुसरे औषध. थायलेरियावर मात्र डायमिनाझीनचा भरवसा धरू नये. तेथे बुपार्व्हाक्वोन हवे : दर किलोस २.५ मिलिग्रॅम, मानेच्या स्नायूत, मात्रा मोठी असल्यास दोन ठिकाणी विभागून. रोग जोरात असल्यास अठ्ठेचाळीस तासांनी पुन्हा. हे औषध महाग आहे, म्हणून पुष्कळ ठिकाणी अर्धी मात्रा देऊन पाहण्याचा मोह होतो. अर्ध्या मात्रेने रोग दबतो, जात नाही. ॲनाप्लाझ्मासाठी ऑक्सिटेट्रासायक्लीन आहे. ही मापे येथे सांगितली ती मालकाने स्वतः सुई उचलावी म्हणून नव्हे, तर पशुवैद्य काय देत आहे व का, हे त्याला कळावे म्हणून. औषध चालू असता व नंतर वेष्टनावर लिहिलेले दिवस उलटेपर्यंत दूध घरातही वापरू नये व संस्थेतही घालू नये. अभिषेकासही तेच दूध न नेणे उचित.

जंतू मेला तरी गाय वाचली असे होत नाही. फुटून गेलेले रक्त परत भरून यावे लागते. पापणी कागदासारखी पांढरी, श्वास धापा टाकल्यासारखा, उभे राहताना तोल जाणे, अशा अवस्थेत गाईला उन्हातून चालवीत दवाखान्यात नेणे म्हणजे वाटेत मारणे होय. पट्टी दवाखान्यात जावी, गाय सावलीत राहावी. अशा गाईला सलाईनच्या बाटल्या भराभर चढवू नयेत. उरलेले थोडे रक्त अधिकच पातळ होते व हृदयावर भार पडतो. तिला हवे असते ते रक्तच. गुरांमध्ये पहिल्या खेपेचे रक्तदान, गट न जुळविताही, बहुधा निर्धोक असते. आठवडाभराने पुन्हा तसेच करणे मात्र धोक्याचे. साडेतीनशे किलोची निरोगी गाय सुमारे तीन लिटर रक्त देऊनही स्वस्थ राहते. देणाऱ्या गाईचे रक्त आधी तपासलेले असावे, नाही तर रोगावर रोग चढावयाचा. अडचण नेहमी अशी येते की ऐन वेळी देणारी गाय सापडत नाही. मठाच्या गोठ्यातील दोन धष्टपुष्ट, रक्त तपासून ठेवलेल्या गाई या कामासाठी नेमून ठेवल्या, आणि तालुक्याच्या पशुवैद्याला ते ठाऊक असले, तर पंचक्रोशीतील कित्येक घरांवरचा प्रसंग टळू शकेल. गाईने गाईला जीवदान द्यावे, याहून मठाच्या गोठ्याला शोभणारे दुसरे कार्य कोणते असेल?

अंगारा लावण्यास, नवस बोलण्यास कोणाची हरकत नाही. फक्त थर्मामीटर त्याच्या आधी लागावा.

लसीचा प्रश्न हटकून विचारला जातो. थायलेरियावर भारतात लस सिद्ध झाली आहे. रोगाचा जीव बाळगणाऱ्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून, त्यांची मारकता घालवून ती करतात, आणि द्रवरूप नायट्रोजनाच्या गोठविणाऱ्या थंडीत ती साठवावी लागते. या अडचणीमुळे ती खेड्यापाड्यांतून पोहोचणे सोपे नाही, आणि बबेसियावर तिचा उपयोग नाही. तेव्हा गोचिडीशी दोन हात करणे चुकत नाही. औषधाची फवारणी केसांच्या उलट दिशेने, कानाच्या आत, शेपटीखाली, कासेच्या वर व पोळीखाली पोहोचावयास हवी. पाठीवर शिंपडून भागत नाही. गाईवर फवारले त्याच दिवशी चिऱ्याच्या भिंतीच्या भेगाही फवाराव्यात, आणि सवड होताच त्या चुन्याने बुजवाव्यात. तीन आठवड्यांनी पुन्हा. एकच औषध वर्षानुवर्षे वापरल्याने गोचिडी त्याला दाद देईनाशा होतात, म्हणून पशुवैद्याला विचारून ते बदलीत जावे. फवारलेली गाय लगेच ओहोळात धुऊ नये. ही औषधे मासळीला विषासमान आहेत. गोठ्यात मोकळ्या सोडलेल्या कोंबड्या गोचिडी वेचून खातात, हा जुना उपाय आजही हसण्यासारखा नाही. वेचलेली गोचीड बोटांत चिरडू नये, रॉकेलात टाकावी.

चिरडू नये याचे कारण केवळ किळस नव्हे. गाईचा बबेसिया दुधातून माणसाला होत नाही, ही भीती मनातून काढून टाकावी. माणसाला बबेसियाचा रोग झाल्याची पहिली नोंद १९५७ सालची, युगोस्लाव्हियात झाग्रेबजवळच्या एका गुराख्याची, व त्याची प्लीहा आधीच काढलेली होती. अशी उदाहरणे आपल्याकडे अतिविरळ. परंतु त्याच १९५७ साली शिमोग्याच्या क्यासनूर अरण्यात सापडलेला माकडताप गोचिडीतूनच येतो. तो विषाणूचा रोग असून २०१५-१६ च्या सुमारास सत्तरी तालुक्यात आणि शेजारच्या दोडामार्गात पोहोचला व माणसे दगावली. सत्तरी डिचोलीला लागून आहे, दोडामार्ग पेडण्याला. जंगलात चरून आलेली गाय त्या गोचिडी अंगावर घेऊन घरी येऊ शकते. रानात गेलेल्या गुराख्याला ताप आला तर डॉक्टरांना ‘रानात गेला होता, गोचीड चावली होती’ हे न विसरता सांगावे. मेलेले माकड दिसल्यास हात न लावता आरोग्य खात्याला कळवावे.

राहता राहिली दान आलेल्या गाईंची गोष्ट. उत्सवाच्या दिवसांत भाविक श्रद्धेने गाय आणून सोडतात आणि ती त्याच संध्याकाळी कळपात मिसळते. तिच्या अंगावरच्या गोचिडी व रक्तातील जीव त्या रात्रीपासून सर्वांचे होतात. आणि ती बाहेरची, संकरित असेल तर येथल्या गोचिडी तिच्या होतात. तेव्हा दान स्वीकारल्याबरोबर तिला वेगळ्या छपराखाली बांधावे, पहिल्याच दिवशी फवारावे, रक्ताची पट्टी पाठवावी आणि पुढे एकवीस दिवस रोज सकाळी धार काढण्यापूर्वी तिचे तापमान एका वहीत लिहीत जावे. वही गोठ्याच्या दाराशीच टांगलेली असावी, पेन्सिलीसकट. १०३ चा आकडा दोन सकाळी लागोपाठ दिसला, तर वाट न पाहता पशुवैद्याला बोलवावे. व्यायला टेकलेली गाय असेल तर व्यायल्यानंतरचा एक महिनाही ही नोंद चालू ठेवावी, कारण जुना दबलेला रोग त्याच काळात पुन्हा डोके वर काढतो.